संत्र्याच्या सालीचं लोणी

नमस्कार श्रोतेहो.

कळमन्याच्या बाजारात सध्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुललेल्या झाडांची, संत्री उतरताहेत. पहाटे तिकडून माल घेऊन निघालेले ठेले नऊ-दहा वाजता आपल्या गल्लीत येतात, आणि दुपारपर्यंत घरोघरच्या कचऱ्याच्या डब्यात सालींचा ढीग पडलेला असतो. आज मला त्या सालीबद्दल बोलायचं आहे. सालीबद्दल आणि लोण्याबद्दल. ही दोन्ही एकत्र आली की जे तयार होतं, ते आपल्या नागपूरच्या घरात दर हिवाळ्यात असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

लोणी-साखर आपल्याला नवी नाही. शाळेत जायच्या घाईत आई गरम पोळीला लोणी फासायची, वरून साखर भुरभुरायची आणि गुंडाळी करून हातात द्यायची. ती खातच आम्ही फाटकाबाहेर पडायचो. त्याच लोणी-साखरेला संत्र्याचा वास द्यायचा, एवढंच हे काम आहे. पण ते मला पहिल्यांदा जमलं नव्हतं.

तेव्हा मी, कोणीही करेल तेच केलं. चार संत्र्यांचा रस काढला आणि वाटीभर लोण्यात ओतून फेटायला घेतला. दहा मिनिटं फेटलं. लोण्याचे बारीक बारीक गोळे झाले आणि रस खाली वेगळा तरंगत राहिला. लोण्यात मुळातच थोडं पाणी असतं. वरून आणखी पुष्कळ ओतलं की ते लोणी धरून ठेवत नाही. मग वाटलं, रस आटवून घालावा. तो मंद आचेवर आटवला, तर कडू झाला. असा कडू, की वरून साखर घालूनही जिभेवरून जाईना.

पुढे कळलं की हा आपल्या संत्र्याचा स्वभावच आहे. फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत ते कडू नसतं. रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन अतिशय कडू. म्हणून तर सकाळी काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी कडवट लागतो, आणि तापवला तर लवकर कडवट होतो.

मग संत्र्याचा वास कुठून आणायचा? तर सालीतून. लहानपणी आपण सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांसमोर साल पिळली आहे. डोळे चुरचुरतात ते सालीतल्या तेलानं. हीच साल आज देवघरातल्या निरांजनाजवळ दुमडून पिळून बघा. ज्योतीत तडतड ठिणग्या उडतात. संत्र्याचा जो वास आपण ओळखतो, तो मुख्यतः या तेलाचा. रसात गोडवा असतो, आंबटपणा असतो, पण घरभर पसरणारा तो वास सालीचा. आणि तेल पाण्यात मिसळत नाही, तुपा-लोण्यात मात्र लगेच विरघळतं. वास धरून ठेवायला लोण्यासारखं दुसरं काही नाही. फ्रीजमध्ये उघडं लोणी ठेवलं की शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास त्याला लागतो, हा अनुभव तुमच्याही घरी आला असेल. त्याच गुणाचा इथे उपयोग करून घ्यायचा.

आता साल खायची म्हटल्यावर संत्रं पारखून घ्यायला हवं. लांबच्या बाजारांत पाठवायच्या फळाला पुष्कळदा मेणाचा हात देतात. त्यानं ते टिकतं आणि चमकतं. कोमट पाण्यात चोळून धुतलं तरी ते मेण पुरतं निघत नाही. म्हणून ठेल्यावरच्या भाऊंना मी आधीच सांगते, "भाऊ, चमकवलेलं नको, बगिच्यातून आलं तसंच द्या." थोडं मळकट, सालीवर एखादा डाग असलेलं, देठाला पान चिकटलेलं असं फळ मला हवं असतं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागात कोणाचं आजोळ असेल, कोणाच्या ओळखीचा बगीचा असेल, तर त्यांनी तिथूनच मागवावं. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचं आणि स्वच्छ कापडानं अगदी कोरडं पुसायचं.

मी मृग बहाराचंच संत्रं का म्हणते, तेही सांगते. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या आंबिया बहाराची साल सुरुवातीला बरीच हिरवी असते. रात्री गार झाल्याशिवाय संत्र्याला रंग चढत नाही. त्या हिरव्या सालीचा वास उग्र असतो, लिंबाकडे झुकणारा. मृगाची फुलं पावसाळ्याच्या तोंडावर येतात आणि फळ थंडी अंगावर घेऊन उतरतं. त्याची साल केशरी, वास गोड. लोण्यासाठी हेच चांगलं.

साल काढायच्या आधी किसायची, हे नीट लक्षात ठेवा. आपल्या संत्र्याची साल सैल असते. एकदा सोलली की ती किसणीवर धरताच येत नाही. अखंड फळ हातात धरायचं, बारीक भोकांची किसणी घ्यायची आणि हलक्या हातानं एकदाच घासून फळ फिरवायचं. त्याच जागी दुसऱ्यांदा घासायचं नाही. वरचा केशरी पापुद्रा तेवढा हवा. खालचा पांढरा भाग दिसायला लागला की थांबायचं, कारण कडूपणा तिथे असतो. दोन संत्र्यांचा मिळून दीड-दोन चहाचे चमचे कीस निघतो. तेवढा पुरे.

आता लोणी. विकतचं बिनमिठाचं पांढरं लोणी चालतं, पण घरचं असेल तर त्याची सर कशालाच नाही. रोज लिटरभर म्हशीचं दूध येत असेल, तर आठवडाभराच्या सायीचं पाव किलोच्या आसपास लोणी निघतं. साय फ्रीजमध्ये साठवायची आणि आदल्या रात्री चमचाभर ताज्या दह्याचं विरजण लावायचं. सकाळी उठल्यावर ताक करायचं. त्याहून जास्त आंबू द्यायचं नाही. तुपासाठी आंबट साय चालून जाते, पण या लोण्यात आंबट वास आला की संत्र्याचा वास दबून जातो.

घुसळायचं ते सकाळीच, गारव्यात. साय दहा ते चौदा अंश सेल्सिअसच्या दरम्यान असली की लोणी चांगलं येतं. फेब्रुवारीच्या दुपारी आपल्याकडे तिशीच्या वर पारा जातो, तेव्हा लोणी गोळा न होता गंजाला चिकटून बसतं. साय फ्रीजमधून काढून थोडा वेळच बाहेर ठेवायची आणि जवळ बर्फाचं पाणी असू द्यायचं. रवी फिरवायला लागलं की आधी साय फुगते, घट्ट होते, रवी जड जाते. बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं. मग आवाज बदलतो. इतका वेळचा तो भरलेला, जाड आवाज एकदम पातळ होतो, छपछप ऐकू येते, आणि रवीच्या दांड्याला पांढरे कण लागलेले दिसतात. म्हशीचं लोणी पांढरं असतं, गाईचं पिवळं, कारण म्हशीच्या दुधात कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. या क्षणी वाटीभर बर्फाचं पाणी ओतलं की कण गोळा होतात. ताक गाळून कढीला ठेवा.

पुढचं काम बऱ्याच जणी घाईत उरकतात. लोणी तीन-चार पाण्यांनी धुवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत. मग ताटात पसरून लाकडी पळीनं दाबत दाबत आतलं पाणी काढायचं. ताट तिरपं धरलं की थेंब थेंब पाणी कडेला जमतं. लोण्यात ताक राहिलं की ते दोन-तीन दिवसांत आंबूस होतं. तूप करताना ते जळून जातं म्हणून आपल्याला चालतं. इथे लोणी कच्चंच खायचं आहे.

आता जमवाजमव. शंभर ग्रॅम लोण्याला तीन चहाचे चमचे साखर, तो दीड चमचा कीस आणि चिमूटभर मीठ. कीस सरळ लोण्यात टाकू नका. आधी साखर आणि कीस खलबत्त्यात घेऊन कुटा. साखरेचे दाणे सालीला घासले जातात, तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात. दोन मिनिटांत कोरडी साखर ओलसर होते, ओल्या वाळूसारखी बत्त्याला चिकटते आणि तिच्यावर फिकट केशरी रंग येतो. त्या वेळी खलात नाक घालून बघाच. सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरलेलं असतं. साखर पार बारीक होईपर्यंत कुटायचं, कारण साखर लोण्यातल्या स्निग्धांशात विरघळत नाही. जाड राहिली तर दाताखाली कचकचते. पिठीसाखर घेतली तरी कीस तिच्याबरोबर चोळून घ्याच. साखरेऐवजी मध आवडत असेल तर दोन चमचे घाला, त्याहून जास्त नको. मधातही पाणी असतं. मिठानं गोडवा खुलतो, तेव्हा ते टाळू नका. लोणी विकतचं खारं असेल तरच सोडा.

लोणी बोटानं दाबलं की खळगा पडावा इतकं मऊ हवं, वितळलेलं नको. त्यात ही साखर घालून लाकडी चमच्यानं पाच मिनिटं फेटायचं. ते हलकं होतं आणि किसातला रंगही लोण्यात उतरतो. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. त्या दिवशी चव जरा वरवरची लागेल. रात्रभरात तेल लोण्यात मुरतं आणि दुसऱ्या दिवशी खरी चव लागते. आठवडाभरात संपवा, आणि बरणीत ओला चमचा घालू नका.

खायचं कशाबरोबर? गरम पोळीवर, भाजलेल्या पावावर, गुळाच्या धिरड्यावर. माझ्या घरी सगळ्यात आधी संपतं ते ज्वारीच्या भाकरीबरोबर. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलायचा आणि आत चमचाभर लोणी सोडायचं. फक्त हे लोणी तव्यावर घालू नका. साखर आणि कीस दोन्ही करपतात.

आणि ती किसून उरलेली संत्री? वरचा पापुद्रा गेल्यामुळे ती लवकर सुकतात, उद्यावर ठेवू नका. बरणी फ्रीजमध्ये गेली की लगेच सोला आणि लोण्याच्या आशेनं ओट्याभोवती घोटाळणाऱ्या मुलांच्या हातात फोडी द्या. लोणी त्यांना उद्या सकाळी मिळेल.

नमस्कार.