पांढरी पाच, काळी एक

श्रोतेहो, नमस्कार. आज १३ फेब्रुवारी. इंदूरच्या गाण्यातल्या माणसांना ही तारीख आठवून द्यावी लागत नाही. १९७४ साली याच दिवशी थोर गायक उस्ताद अमीर खाँ साहेब आपल्यातून गेले. मी आज याच तारखेची आणखी एक गोष्ट सांगणार आहे, चार वर्षं आधीची. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. त्या दिवशी इंग्लंडमध्ये 'ब्लॅक सॅबथ' या रॉक बँडची पहिली तबकडी बाजारात आली. तबकडीचं नाव तेच, तिच्यातल्या पहिल्या गाण्याचं नावही तेच.

सोबत पेटी आणली आहे; पांढरी पाच, काळी एक ही तिच्या पट्ट्यांची नावं. आधी तीन स्वर ऐका.

(पेटीवर: खर्जाची पांढरी पाच, वरची पांढरी पाच, मग खाली उतरून काळी एक. शेवटचा स्वर लांबवावा.)

पांढरी पाच सा धरली, तर काळी एक म्हणजे तीव्र मध्यम, चढा म. खालचा सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. गाणं या तीन स्वरांवरच उभं आहे. तीव्र मध्यम आपल्याला परका नाही, यमन राग शिकताना तो पहिल्या महिन्यातच भेटतो. पण यमनात तो पंचमाला किंवा गंधाराला जाऊन टेकतो. इथे तो टेकत नाही. गिटारवाला त्याच स्वरावर थांबून त्याला कंप देत राहतो आणि आपण ताटकळतो. युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्रात या अंतराला 'संगीतातला सैतान' म्हणत. आणि लय? रॉक म्हणजे धावपळ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर ऐकावं. झूमरा तालाच्या अतिविलंबित ठेक्यावर खाँ साहेबांची रागाची सावकाश बढत ऐकलेल्या कानांना दोन मात्रांमधली ही रिकामी जागा ओळखीची वाटेल. दोन्हींची जातकुळी एक आहे असं मी म्हणत नाही. थांबायचं धैर्य मात्र दोन्हीकडे आहे.

ही कॅसेट आमच्या घरी भावाने आणली होती. वडील इथल्याच एका मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. सगळी हयात साच्यांच्या खडखडाटात गेल्यामुळे घरीही मोठ्याने बोलायचे. त्या दिवशी पहिली पाळी करून आले, डबा ओट्यावर ठेवला, आतल्या खोलीतून येणारा आवाज जरा वेळ ऐकला आणि भावाला विचारलं, "काय रे, ही कुठल्या खात्यातली माणसं?" आम्ही दोघंही हसलो. त्या प्रश्नाला उत्तर होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

ही चौघं पोरं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली. कारखान्यांची वस्ती. गायक ऑझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलं होतं, आणि त्याआधी मोटारींचे हॉर्न वाजवून तपासण्याचं. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा असताना त्याने नोकरी सोडायचं ठरवलं, कारण बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता, पण हातचं काम पुरं करून ये म्हणून आईनेच पाठवलं. एक बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून तिच्या प्रेसवर याला उभं केलं. ते यंत्र त्याने कधी चालवलं नव्हतं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

नंतर कारखान्यातल्याच एका वरिष्ठाने त्याला गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवत होता. मग टोनीने भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, घासून घासून टोपी बनवली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपीतून तार कळत नाही, किती दाबायचं याचा अंदाज कानाने घ्यावा लागतो. जाड तारा दुखायच्या, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा लावल्या. आपल्याकडे सतारीच्या विद्यार्थ्याचं बोट नुसतं कापलं तरी घरात हळहळ होते. या मुलाने बोट घरी बनवलं.

ध्वनिमुद्रण झालं ऑक्टोबर १९६९ मध्ये, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत. निर्माता रॉजर बेन. हाताशी दोन दिवस, त्यातला एक मिक्सिंगचा. म्हणजे वाजवायला एकच दिवस, साधारण बारा तास. मिलच्या हिशेबाने दीड पाळी. सगळ्यांनी एकत्र वाजवलं, ऑझी बाजूच्या केबिनमधून त्याच वेळी गात होता. बहुतेक गाणी एकदा वाजली तीच राहिली. पाऊस, गडगडाट आणि घंटा हे आवाज नंतर जोडले. मुखपृष्ठावर एक जुनी पाणचक्की आहे आणि काळ्या वेशातली बाई, तिच्याबद्दल पुष्कळ दंतकथा आहेत, त्या सोडून देते.

समीक्षकांनी तबकडी झोडपली. लोकांनी मात्र उचलली, इंग्लंडच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत गेली. हेवी मेटल नावाचा जो प्रवाह पुढे जगभर पसरला, त्याचा उगम आज बहुतेक जण याच तबकडीत दाखवतात. एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते म्हणून सांगते. टोनीने गिटार खालच्या सुरात उतरवली ती या तबकडीत नाही, १९७१ च्या तिसऱ्या तबकडीत. तारा सैल झाल्या की बोटांना कमी त्रास, म्हणून दीड स्वर उतरवली. तेव्हा सगळ्यात खालची तार आली काळी एकवर. त्या जड आवाजासाठी जगभरची पोरं आज धडधाकट बोटांनी तारा सैल करतात.

गेल्या ५ जुलैला, म्हणजे २०२५ मध्ये, हे चौघे त्याच ॲस्टनमध्ये, व्हिला पार्क मैदानावर शेवटचं एकत्र वाजले. ऑझी आसनावर बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला.

वडील आज असते, तर त्यांच्या शेजारी बसून सांगितलं असतं, "बाबा, पत्राखात्यातली."

आता तबकडी लावते. आधी पाऊस येईल, मग लांबून घंटा. गिटार सुरू झाली की तिसऱ्या स्वरावर कान ठेवा.

(पाऊस.)