राक्षस की श्वापद?

मंडळी, 1979 सालचा ‘एलियन’ हा चित्रपट मी अलीकडे पुन्हा एकदा चारचौघांत बसून पाहिला. शेवटी नायिका रिप्ली अंतराळयानाचं दार उघडते, ते भयंकर जनावर बाहेरच्या पोकळीत ओढलं जातं, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ अगदी पोटातून म्हणाले, ‘गेलं एकदाचं, हलकट!’ हायसं मलाही वाटलं होतं. पण घरी जाताना तो शब्द काही डोक्यातून जाईना. साप चावला म्हणून सापाला आपण हलकट म्हणत नाही. बिबट्यानं शेळी नेली तर रागानं शिव्या देऊ, पण बिबट्या नीच असतो असं मनापासून कुणी मानत नाही. मग याच प्राण्याला तसं का म्हणावंसं वाटलं? आज मी एवढ्यापुरतंच बोलणार आहे.

आधी शब्दाकडे बघू. अशा प्राण्याला मराठीत आपण सर्रास राक्षस म्हणून मोकळे होतो, आणि गफलत तिथेच होते. आपल्या पुराणांतले राक्षस-दैत्य फार वेगळे आहेत. हिरण्यकशिपू तप करतो, वर मागतो, वराच्या अटीसुद्धा स्वतःच विचार करून घालतो. रावण वेद शिकलेला आहे. सीतेला परत पाठव, असं बिभीषण त्याला भर सभेत सांगतो. रावण ते ऐकतो, त्याला ते कळतं आणि तरी तो नाही म्हणतो. दशावतारात राक्षस रंगमंचावर येतो तो गर्जना करत, आणि आपण कोण नि काय करणार हे स्वतःच्या तोंडानं सांगतो. त्याच्यापुढे दुसरी वाट होती, ती त्यानं घेतली नाही, म्हणून तो दुष्ट. श्वापदापुढे ती दुसरी वाटच नसते. त्याच्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, हिंस्र. आपल्या भाषेनं हा निवाडा फार पूर्वीच करून ठेवला आहे, आपण तो विसरतो.

आता हा प्राणी. नॉस्ट्रोमो हे खनिज ओढून नेणारं मालवाहू यान. त्यावर सात जण आणि जोन्स नावाचं मांजर. अनोळखी ग्रहावर त्यांतला केन एका अंड्यावर वाकतो आणि आतून उसळलेला जीव त्याच्या तोंडाला चिकटतो. पुढे तो आपोआप गळून पडतो. केन शुद्धीवर येतो, त्याला कडकडून भूक लागते, आणि भर जेवणात त्याची छाती फोडून पिल्लू बाहेर येतं. पाहणारा हादरतो. मी मात्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हादरले आणि लगेच मनात आलं, हे मी आमच्या माजघरात पाहिलं आहे.

आमच्या कोकणातल्या घरी दाराच्या चौकटीवर दर वर्षी कुंभारीण माशी घर करायची. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणायची आणि इवलंसं मडकं वळायची. आजी सांगायची, तिचं घर मोडू नये. एकदा मी मोडलंच. आठ-नऊ वर्षांची असेन. खराट्याच्या काडीनं कवच फोडलं तर आत हिरव्या अळ्या दाटीवाटीनं कोंबलेल्या. मेल्या असतील असं वाटलं. काडी लावली तर एक अळी जराशी वळवळली. तिला पळता येत नव्हतं, आणि ती मेलीही नव्हती. त्या ढिगात एक पिवळट, बिनपायाचा जीव तोंड खुपसून बसला होता. तो एका अळीला खात होता.

पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा उलगडा झाला. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते, मारत नाही, कारण मेलेली अळी सडेल. पिल्लाला ताजं अन्न हवं. तिच्या नात्यातल्या काही माश्या तर अंडं थेट सुरवंटाच्या अंगातच घालतात आणि पिल्लू त्याला आतून खात वाढतं. केनचं झालं ते हेच.

कीर्तनात हीच गोष्ट आपण किती वेगळ्या रूपात ऐकली आहे! भृंगी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भयानं अखंड तिचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. भक्तानं देवाशी असं तद्रूप व्हावं, हा तो दृष्टांत. ज्यांनी तो रचला त्यांचं निरीक्षण खरंच होतं: आत अळी गेली आणि बाहेर माशी आली. मधलं तेवढं दिसलं नव्हतं. एकाच घटनेत कुणाला मोक्ष दिसला, कुणाला भयपट. कुंभारीण बिचारी दोन्हींच्या गावी नाही. तिला माती, अळी आणि अंडं एवढंच ठाऊक.

चार्ल्स डार्विनलाही याच माश्यांनी छळलं. 22 मे 1860 रोजी एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला त्यानं लिहिलं की, सुरवंटाच्या जिवंत शरीरात पोट भरावं म्हणून दयाळू ईश्वरानं अशी माशी मुद्दाम घडवली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. त्याच वाक्यात उंदराशी खेळणारं मांजरही आहे. त्याचा प्रश्न ईश्वराला होता. माशीला त्यानं दोष दिला नाही.

हे मांजर लक्षात ठेवा, कारण चित्रपटातला सगळ्यात अवघड प्रसंग तसाच आहे. यानावरची लॅम्बर्ट भिंतीशी थिजून उभी असते. प्राणी झडप घालत नाही. सावकाश उंच होतो, शेपटी हळूहळू तिच्या पायाशी सरकते. इथे आपण म्हणतो, बघा, तिच्या भीतीत त्याला मजा येते आहे! शिवाय मारलेल्यांना तो खाताना कुठे दिसत नाही. मग मारतो तरी कशाला? आक्षेप खरा आहे, मी तो झटकणार नाही. पण त्या प्राण्याचे डोळे आपल्याला कुठे दिसतच नाहीत, हे बघा. एच. आर. गीगर या स्विस चित्रकारानं त्याचं रूप घडवताना ते लांबट, गुळगुळीत डोकं बिनडोळ्यांचं ठेवलं. आत होता बोलाजी बडेजो हा कमालीचा उंच, सडपातळ नायजेरियन विद्यार्थी. जिथे नजर नाही तिथे हेतू वाचायचा कुठून? मग तो आपणच भरतो. लॅम्बर्टच्या जागी स्वतःला उभं करतो आणि आपलं भय त्याच्या डोक्यावर लिहून टाकतो.

‘उपजत प्रवृत्ती’ म्हटलं की प्रश्न मिटला, असंही मी म्हणणार नाही. फाब्र या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मातीत बीळ करणारी एक माशी लुळा केलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून आत डोकावून येते. ती आत गेली की फाब्र रातकिडा थोडा दूर सरकवायचा. बाहेर येऊन ती तो पुन्हा तोंडाशी आणायची आणि पुन्हा आत बघायला जायची. असं चाळीस वेळा झालं. पण दुसऱ्या एका वसाहतीतल्या माश्या दोन-तीन वेळांतच शहाण्या झाल्या आणि रातकिडा थेट आत घेऊन गेल्या. प्रवृत्ती आणि समज यांच्यात पक्की भिंत नाही, कुडाची आहे.

1986 सालच्या दुसऱ्या भागात ती भिंत आणखी पातळ होते. रिप्ली अंड्यांवर ज्वाळेची बंदूक रोखते तेव्हा ती अंडी घालणारी राणी आपल्या पिल्लावळीला मागे सारते. जवळजवळ सौदाच तो. रिप्ली तरीही अंडी जाळते आणि राणी पिसाळते. इथे माझी खात्री थोडी डळमळते, हे कबूल करते. तिला कळतं, राग येतो. पण घार झडपली की आमची कोंबडीसुद्धा अशीच पिसं फुलवून अंगावर जायची. पोरांसाठी आलेला राग आणि दुष्टपणा या दोन गोष्टी मी एक मानू शकत नाही.

मग दुष्टपणा चित्रपटात नाहीच का? आहे, आणि तो लिखित स्वरूपात आहे. रिप्ली यानाच्या संगणकाला विचारते आणि पडद्यावर विशेष आदेश क्रमांक 937 उमटतो: प्राणी परत आणा, बाकी सगळं दुय्यम, खलाशी गेले तरी चालतील. हे लिहिणाऱ्या, यानाच्या मालक कंपनीतल्या लोकांना खलाशांची घरं ठाऊक होती. त्यांना कुणी नांगी मारली नव्हती, त्यांच्यापुढे दुसरी वाट होती. आणि केनला आत घेऊ नका, नियम मोडेल, असं रिप्ली बजावत असताना दार उघडणारा विज्ञान अधिकारी ॲश यंत्रमानव निघतो. मुंडकं तुटल्यावरही तो बोलतो. या प्राण्याच्या शुद्धतेचं मला कौतुक वाटतं, म्हणतो. त्याला सदसद्विवेक नाही, पश्चात्ताप नाही, नीतीचे भ्रम नाहीत. ॲशलाही कुणीतरी तसा घडवलाच ना, मग त्याला सूट का नाही, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की त्याला हे शब्द येतात. विवेक नसण्याचं कौतुक करायचं तर विवेक म्हणजे काय हे आधी ठाऊक लागतं. कुंभारीण स्वतःचं कौतुक करत नाही. दुसऱ्या भागात कंपनीचा माणूस बर्क रिप्लीला आणि एका लहान मुलीला त्या चिकटणाऱ्या जीवांसोबत कोंडतो, तेव्हा रिप्ली संतापून जे म्हणते त्याचा अर्थ एवढाच की, ती जनावरं निदान टक्केवारीसाठी एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत.

जनावराला हलकट म्हणून आपण मोकळे झालो की आदेश लिहिणारे सुटतात. आणि खऱ्या जनावरांचाही जीव जातो. 1975 च्या ‘जॉज’मधला शार्क वैर धरल्यासारखा वागतो; ती मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवण्यासाठी झटले.

तो पहिला चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा शेवटची पाचेक मिनिटं नीट बघा. रिप्ली छोट्या यानातून निसटली आहे, मांजराला झोपेच्या पेटीत ठेवलं आहे, आणि भिंतीतल्या नळ्यांमधून अचानक एक हात बाहेर येतो. तो प्राणी तिथेच असतो. अंग मुडपून कोपऱ्यात पडलेला. जबडा सावकाश उघडतो, मिटतो, पण उठत नाही. रिप्ली त्याच्यापासून काही हातांवर, श्वास रोखून अंतराळपोशाख चढवते आणि तो पडूनच राहतो. ती त्याच्यावर वायूचे झोत सोडते, तेव्हा कुठे तो बाहेर येतो.