उतारवयातील अनियमित नाडी आणि लपलेला थायरॉइड

श्रोतेहो, नमस्कार. थायरॉइडचा स्राव वाढला की भूक वाढते, हात थरथरतात, घाम येतो आणि माणूस चिडचिडा होतो, असे आपण ऐकलेले असते. परंतु सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीत हाच आजार पुष्कळदा वेगळ्याच रूपात येतो. भूक मंदावते, वजन घटते, मांड्यांतली ताकद गेल्यामुळे खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो, बोलणे कमी होते, आणि घरचे लोक ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपवतात. अमेरिकी शल्यविशारद फ्रँक लेही यांनी १९३१ सालीच या मरगळलेल्या रूपाकडे लक्ष वेधले होते.

अशा वेळी उघड दिसणारी खूण बहुधा एकच असते, ती म्हणजे नाडी. मनगटावर बोटे ठेवली तर एक ठोका लगेच लागतो, पुढचा रेंगाळतो, एखादा जेमतेम जाणवतो. ईसीजीत याचे निदान एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, असे होते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठीपुढच्या ज्या व्यक्तींचे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉइडचा स्राव वाढला की ते घटते) ०.१ मिलियुनिट प्रति लिटर किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना दहा वर्षांत हा विकार झाला. टीएसएच सामान्य असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. म्हणूनच हा विकार नव्याने आढळला की, गळा सुजलेला नसला तरी, टीएसएच तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात औषधेही गोंधळ घालतात. ठोके आवरणारे बीटा ब्लॉकर हातांची थरथर झाकून टाकतात. ताल सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, तर शरीराची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम, त्यामुळे हृदयाच्या औषधानेच थायरॉइड बिघडू शकतो आणि ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही काही महिने ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. थायरॉइड मंद असल्यामुळे थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तरी नाडी अशीच अनियमित होऊ शकते.

थायरॉइड ताळ्यावर आला की अनेकांचा ताल काही महिन्यांत आपोआप सुधारतो, म्हणून विजेचा झटका देऊन ताल पूर्ववत करण्याचा उपाय, प्रकृती स्थिर असल्यास, तोवर लांबणीवर टाकतात. दरम्यान पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवण्याचे औषध लागू शकते. ते वॉरफॅरिन असेल, तर थायरॉइड वाढलेला असताना त्याचा परिणाम अधिक तीव्र होतो आणि उपचाराने स्राव उतरू लागला की तीच मात्रा अपुरी पडते, म्हणून या काळात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, नेहमीपेक्षा लवकर लवकर तपासावा लागतो.