टाकी बांधण्याआधी शेण मोजा

शेतकरी बंधू आणि भगिनींनो, नमस्कार.

आज बोलायचंय गोबरगॅसबद्दल. विषय जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यातून निघणारा वायू वापरात आणला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी लोखंडी तरंगत्या टोपाची टाकी बनवली, साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली. मग १९८४ मध्ये जमिनीखालच्या घुमटाचं दीनबंधू संयंत्र आलं. त्यात गंजणारा टोप नाही, म्हणून ते स्वस्तही पडलं. आज आपल्याकडे बहुतेक पक्क्या टाक्या याच पद्धतीच्या दिसतात.

तरीही गावात फिरताना बंद पडलेल्या टाक्या दिसतातच. कुठे तोंडावर फरशी टाकलेली, कुठे आत पावसाचं पाणी. घरधन्याला विचारलं की उत्तर ठरलेलं, "गॅसच पुरेसा येत नव्हता हो." हे उत्तर खरं असतं. पण दोष बहुतेक वेळा टाकीचा नसतो. अनुदान मिळतंय, शेजाऱ्याने मोठी बांधली, म्हणून आपणही मोठी बांधली, आणि दावणीला जनावरं मात्र दोनच. माझं आजचं सांगणं एवढंच आहे : टाकीचा आकार दावणीवरून ठरवा.

हिशेब सोपा आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. म्हणजे पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर. माणशी रोजच्या स्वयंपाकाला पाव घनमीटर धरा. चार माणसांच्या घराला एक घनमीटर पुरतो, आणि गोठ्यात बांधून असलेल्या दोन संकरित गाई तेवढं शेण देतात. दोन घनमीटरची टाकी बांधली तर रोज पन्नास किलो शेण हवं. आता जनावरं दिवसभर रानात चरायला जात असतील तर हाती येतं ते फक्त रात्रीचं शेण, म्हणजे निम्म्याच्या आसपास. घर ऊसतोडीला जाणारं असेल तर टाकी कित्येक महिने उपाशी राहणार. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी आठवडाभर रोज सकाळी शेण पाटीत भरून वजनकाट्यावर ठेवा. जो सर्वांत कमी आकडा येईल, तो धरून टाकी ठरवा.

टाकी उपाशी राहते असं मी म्हणालो, ते शब्दशः घ्या. गाईच्या पोटात मिथेन तयार करणारे जिवाणू शेणाबरोबर टाकीत उतरतात आणि तिथेही तेच काम करतात. त्यांना रोज ठरलेल्या वेळी खाणं लागतं. शेणाला तेवढंच पाणी घालून काला करायचा, त्यातल्या काड्या, वैरणीचे तुकडे, खडे हाताने काढायचे आणि मगच तो आत सोडायचा. काड्या राहिल्या तर वर तरंगून जाड पापुद्रा धरतो आणि खालचा गॅस अडतो. गोठा फिनेलने धुतला असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात. ज्या गाईला प्रतिजैविकांचं औषध चालू आहे, तिचं शेण तेवढे दिवस उकिरड्यावर टाका. थंडीत गॅस कमी होतो, कारण या जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. तेव्हा काल्याला उन्हात तापलेलं पाणी वापरा आणि तो सकाळच्या गारठ्याऐवजी दुपारी सोडा.

शेगडीची ज्योत फडफडायला लागली, तर बहुधा नळीत पाणी साचलेलं असतं. सखल जागी बसवलेला निचऱ्याचा कॉक उघडून ते काढून टाकायचं. एवढ्यासाठी कित्येक भगिनी पुन्हा चुलीच्या धुराकडे वळल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. टाकी घरधन्याच्या नावावर असते, पण काला कालवणारे आणि शेगडी पेटवणारे हात बहुधा बाईचे असतात. कॉक कुठे आहे हे मिस्त्रीने तिलाच दाखवायला हवं.

संडास जोडावा का, असंही विचारतात. जरूर जोडावा. देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर हेच काम केलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पाच माणसांच्या संडासाने गॅसमध्ये भर थोडीच पडते, पण मैल्याचा प्रश्न मिटतो. फक्त संडास धुवायला ॲसिड वापरू नका.

आता स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणारा पातळ काला. माझ्या मते अर्धं उत्पन्न हेच आहे. गोवरी जाळली की शेणातला नत्र धुरात जातो, आणि चुलीत त्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. टाकीतून मात्र गॅस निघाला तरी नत्र स्लरीत राहतो. ती उन्हात वाळवली की त्यातला बराचसा नत्र उडून जातो. त्यापेक्षा पाटाच्या पाण्याबरोबर ओलीच सोडा, नाहीतर खड्ड्यात उसाच्या पाचटाचा थर, वर स्लरी, पुन्हा पाचट, असं रचत जा. ठिबकमधून द्यायची तर आधी नीट गाळून घ्या, नाहीतर ड्रिपर तुंबतात.

शेवटी एक कळकळीची सूचना. नवी टाकी सुरू झाल्यावर पहिला गॅस हवेत मिसळलेला असतो. तो पेटवू नका, मोकळा सोडून द्या. आणि गाळ काढायला म्हणून बंद टाकीतही कोणी उतरू नका, घरच्या मुलालाही उतरू देऊ नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. अशा दुर्घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत. टाकी रिकामी करायचं काम जाणकार माणसाकडून, पंपाने, बाहेर उभं राहूनच करून घ्या.

नमस्कार.