कोबी, काळा पाव आणि आपली नागली

मंडळी, पन्नाशीच्या पुरुष पेशंटला 'जेवणात काय काय असतं?' असं विचारलं, की तो बायकोकडे बघतो. ती सांगते, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. खोटं काहीच नसतं त्यात. पण कंपनीच्या गेटबाहेरचा उलटा वडापाव, दुपारच्या चहाबरोबरचं फरसाण आणि शनिवारचं 'बसणं' तिच्या हिशेबात येत नाही. पुरुषांच्या हृदयविकाराबद्दल बोलायचं तर डब्याबाहेरचंच जास्त बोलावं लागतं.

'मेडिटेरेनियन डाएट', म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं खाणं, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकी संशोधक अँसल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांतल्या ४० ते ५९ वयाच्या पुरुषांचा अभ्यास सुरू केला. ग्रीसच्या क्रीट बेटावर हृदयविकाराने मरणारे अगदी कमी निघाले, पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. मग क्रीटच्या जेवणातल्या ऑलिव्ह तेलाला जगभर मागणी आली. आज आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दुकानांतही ते मिळतं, आणि त्यात बटाटेवडे तळणारेही मी पाहिलेत.

मला त्याहून जवळचा वाटतो तो डेन्मार्कचा अभ्यास. तिथे ऑलिव्ह पिकत नाही. म्हणून तिथल्या संशोधकांनी आपल्याच मातीतले सहा पदार्थ घेतले: मासे, कोबी, राय नावाच्या धान्याचा काळा पाव, ओटची लापशी, सफरचंद-पेअर आणि गाजरासारखी कंदमुळं. पदार्थ पुरेसा खाल्ला की एक गुण. ५० ते ६४ वयाच्या ५७ हजार स्त्री-पुरुषांची नोंद झाली आणि पुढे तेराएक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पाच-सहा गुणवाल्या पुरुषांत हार्ट अटॅकचा धोका शून्य-एक गुणवाल्यांपेक्षा २३ टक्के कमी दिसला. स्त्रियांत फरक याहून मोठा होता. आता, कोबी खाणारा माणूस बऱ्याचदा चालतोही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतो. संशोधक आकडेमोडीत हे वजा करतात, पण असं सगळंच वजा होत नाही. तरीही मुद्दा पटण्यासारखा आहे: तब्येतीला मानवणारं खाणं परक्या मुलखातून मागवावं लागत नाही.

मग नाशिकची यादी करून बघू. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकची नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई. येवला-नांदगावकडची बाजरी. मटकी, हुलगे. खुरासणीची चटणी. पावसाळ्यातल्या रानभाज्या. पेरू, द्राक्षं. यातल्या कडधान्यांतला विरघळणारा तंतू वाईट कोलेस्टेरॉल उतरवतो, आणि अख्ख्या धान्याची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा साखर सावकाश चढवते. सावकाश म्हणजे चढतच नाही असं नव्हे. 'नागलीच आहे ना' म्हणून चार भाकऱ्या दाबणारे मधुमेही मला दर आठवड्याला भेटतात.

आणि मिसळ? मघाशी चिठ्ठी आलीच आहे, 'रविवारची मिसळ सोडायची का?' अहो, मिसळीत मटकी आहे, ती तर आपल्या यादीतली! बिघडतं ते तिच्या आजूबाजूला. वरची लालभडक तर्री, पुन्हा मागून घेतलेलं फरसाण, पापड, आणि 'अजून एक जोडी पाव द्या'. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यातलं बरंचसं या एका टेबलावर संपतं. तेव्हा तर्री वेगळ्या वाटीत मागा, मटकी जास्त घ्या, पाव एकच, सोबत दही. फरसाण चवीपुरतं. तेल तळून तळून काळं झालेल्या कढईपुढे मात्र थांबूही नका.

एक गोष्ट नुसत्या खाण्याने होत नाही. फिनलंडच्या उत्तर कारेलिया जिल्ह्यात १९७२ पासून डॉ. पेक्का पुस्का यांच्या गटाने लोणी आणि मीठ कमी करायला लावलं, भाज्या आणि तिथली रानबेरी वाढवली, सोबत तंबाखू आणि रक्तदाबही धरला. पुढच्या तीन-चार दशकांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सगळं एकत्र धरलं म्हणून. गालात तंबाखूची गोळी धरून नागलीची भाकरी खाल्ली, तर नागली बिचारी काय करणार?

दुसरी चिठ्ठी: 'मिसळ खाल्ल्यावर छातीत जळजळते, ते हार्टचं असतं का?' बहुतेक वेळा आम्लपित्त असतं. पण छातीवर दाब वाटतोय, तो जबड्याकडे किंवा हाताकडे जातोय, दरदरून घाम सुटलाय, जिना चढताना वाढतंय, तर 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसू नका. स्वतः स्कूटर काढू नका. १०८ ला फोन लावा आणि ईसीजी होईपर्यंत दुसरं काही करू नका.