इड सॉफ्टवेअर: पडदा सरकला, स्टुडिओ उभा राहिला

श्रोतेहो, नमस्कार. डूम आणि क्वेक ही नावं तुमच्यापैकी अनेकांच्या कानावरून गेली असतील. ते गेम करणारा इड सॉफ्टवेअर हा अमेरिकन स्टुडिओ 1991 पासून 2009 पर्यंत कुणाच्याही पंखाखाली नव्हता. हे त्याला कसं जमलं, ते समजून घ्यायचं तर सुरुवात पडदा सरकवण्याच्या एका युक्तीपासून करावी लागते.

1990 साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात सॉफ्टडिस्क नावाची कंपनी वर्गणीदारांना फ्लॉपीवर प्रोग्रॅम पाठवत असे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि चित्रकार एड्रियन कारमॅक तिथे नोकरीला होते. दोघा कारमॅकांचं एकमेकांशी नातं नाही. त्या काळी निन्टेंडोवर मारिओ धावू लागला की मागचं दृश्य अलगद सरकायचं, कारण त्यासाठी त्या यंत्रात खास चिप होती. पीसीमध्ये ती नव्हती. पीसीचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या ईजीए या ग्राफिक्स कार्डवर आडवे 320 आणि उभे 200 पिक्सेल, रंग 16. दृश्य 16 बाय 16 पिक्सेलच्या चौकटींचं केलं, तर पडद्यावर सुमारे 260 चौकटी बसतात. प्रत्येक हालचालीला त्या सगळ्या नव्याने काढायच्या म्हटलं की पीसीला धाप लागायची.

जॉन कारमॅकने कार्डातल्या एका रजिस्टरचा उपयोग करून घेतला. मेमरीतल्या कुठल्या पत्त्यापासून चित्र दाखवायचं, हे त्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. चित्र पडद्यापेक्षा थोडं मोठं, कडेला एक चौकट जास्तीची ठेवून काढायचं आणि पत्ता थोडा थोडा पुढे न्यायचा. चित्र सरकतं, पण मेमरीतला एकही पिक्सेल हलवावा लागत नाही. 16 पिक्सेल संपले की पत्ता पुन्हा मूळ जागी आणायचा आणि ज्या चौकटी बदलल्या तेवढ्याच नव्याने काढायच्या. निळ्या आकाशाच्या जागी पुन्हा निळं आकाशच येणार असेल, तर तिथे हातही लावायचा नाही. याच युक्तीवर या मंडळींनी कमांडर कीन हा गेम केला. त्याच्या पहिल्या भागांत एकसारख्या चौकटींची लांबच लांब पार्श्वभूमी दिसते, ती या हिशेबाला सोयीची आहे.

पुढच्या कीन गेममध्ये कारमॅकने पत्ता मागे आणणंच सोडलं. 64 किलोबाइटची हद्द संपली की ईजीए कार्ड आपोआप शून्यावर येतं, यावर तो विसंबला. गडबड झाली ती सुपर व्हीजीए या नव्या पिढीच्या कार्डांवर. त्यांच्यात मेमरी जास्त, म्हणून पत्ता शून्यावर न येता तसाच पुढे जायचा आणि पडद्यावर भलतंच काही दिसायचं. त्यावर वेगळी तोड काढावी लागली. अशा वेळी कार्डाच्या सवयीवर अवलंबून राहणं किती महागात पडतं, ते इथे कळतं.

आता पैशाचं. पहिला कीन 14 डिसेंबर 1990 ला आला. तो बनवताना सॉफ्टडिस्कचेच कॉम्प्युटर शनिवार-रविवारी घरी नेले जात. टेक्सासच्या अपोजी या प्रकाशकाने तीन भागांतला पहिला फुकट वाटला. तो आवडला तर बाकीचे भाग टपालाने मागवायचे. रॉयल्टीचा पहिला चेक आला 10,500 डॉलरचा! 1 फेब्रुवारी 1991 ला इड सुरू झालं. सॉफ्टडिस्कशी तडजोड झाली ती अशी, की तिला दर दोन महिन्यांनी एक गेम करून द्यायचा. दुकानाची फळी नाही, मालाचा साठा नाही, आणि गिऱ्हाईक आधी खेळून बघतो. माझ्या मते स्टुडिओचं स्वातंत्र्य या विक्रीच्या पद्धतीनेच राखलं. नुसत्या हुशारीने ते टिकलं नसतं.

5 मे 1992 ला इडचा वुल्फेन्स्टाइन 3डी हा गेम आला. त्याचा नकाशा 64 बाय 64 चौकोनांचा, भिंती सगळ्या काटकोनात. डूममध्ये कारमॅकला तिरक्या भिंती आणि कमी-जास्त उंचीच्या जमिनी हव्या होत्या. मग पडद्यावर आधी काय काढायचं, हा प्रश्न आला. त्याने बीएसपी ट्री, म्हणजे जागेचे दोन-दोन तुकडे करत जाणारी रचना, वापरली. नकाशा एका रेषेने दोन भागांत कापायचा, प्रत्येक भाग पुन्हा कापायचा, आणि हे काम गेम विकण्याआधीच उरकून ठेवायचं. खेळताना प्रत्येक रेषेपाशी एकच प्रश्न उरतो: खेळाडू कुठल्या बाजूला आहे? ती बाजू आधी काढायची. भिंतींचा क्रम आपोआप लागतो. मात्र नकाशा मुळात सपाट असल्याने डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली ठेवता येत नाही.

10 डिसेंबर 1993 ला डूम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता, पण वाट पाहणाऱ्यांचीच तिथे इतकी गर्दी, की फाइल चढवणंही अवघड झालं. पहिल्या आवृत्तीत नेटवर्कवरचा खेळ प्रत्येक संदेश सगळ्याच मशीनना पाठवायचा. चार जण खेळायला बसले की ऑफिसचं अख्खं नेटवर्क तुंबायचं. कित्येक ठिकाणी बंदी आली. पुढच्या आवृत्तीत संदेश फक्त खेळणाऱ्यांनाच जाऊ लागले.

क्वेक 1996 चा. त्याच वर्षी रोमेरो बाहेर पडला. जून 2009 मध्ये झेनिमॅक्स या अमेरिकन कंपनीने इड विकत घेतलं.

त्याआधी, 23 डिसेंबर 1997 ला डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला झाला होता. डॉस या जुन्या पीसी प्रणालीच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची असल्यामुळे दिली गेली ती लिनक्सची आवृत्ती. सी भाषा येणाऱ्या श्रोत्यांनी त्यातली आर अंडरस्कोर बीएसपी ही फाइल उघडून पाहावी. ‘कुठल्या बाजूला’ हा प्रश्न तिच्यात जसाच्या तसा लिहिलेला आहे.