बोलण्याआधीचं बोलणं

(दृश्य: मालवणजवळची एक वाडी. सकाळ. माडांखालून जाणारी पाणंद, लांबून मासळीच्या लिलावाचा गलका.)

"बोलतलो हो, घाई कित्याक?"

वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत बोली बदलत जाते, पण अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हटल्यावर मिळणारं उत्तर हेच. बापूसही उशिरा बोलला होता. मुलगे उशिराच बोलतात. शाळेत गेला की बोलेल. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी देवळात गाऱ्हाणं घालून येतं. ही सगळी मायेचीच माणसं. आईला धीर यावा म्हणून बोलतात. पण या धीर देण्यात मुलाचं एखादं वर्ष निघून जातं, आणि पहिल्या पाच वर्षांतलं एक वर्ष फार मोठं असतं. नवं शिकून घेण्याची मेंदूची जी तयारी तेव्हा असते, ती पुढे तेवढी राहत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. आजी आडाळ्यावर नारळ खवते आहे.)

हा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बाप मुंबईत नोकरीला, आई आणि आजी इथे. ओल्या खोबऱ्याचा चव त्याला भारी आवडतो. बघा, तो काय करतो. तो मागत नाही, बोट दाखवत नाही, आजीच्या तोंडाकडेही बघत नाही. तिचं मनगट धरतो आणि ताटलीकडे ढकलतो. जणू हात आजीचा नाही, नुसताच हात आहे.

वर्षभरापूर्वी आजी लगेच चिमूटभर खोबरं त्याच्या तोंडात घालायची आणि पुन्हा खवायला लागायची. आता ती थांबते. आडाळ्यावरून हात उचलते, मान खाली करून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येते. "काय होया रे तुका?" आणि मग गप्प. मनातल्या मनात दहा आकडे मोजण्याइतकी गप्प. तो चुळबुळतो, ताटलीकडे बघतो, पुन्हा मनगट ओढतो. मग एक क्षण वर बघतो, तिच्या डोळ्यांत. आजी लगेच म्हणते, "दी!" आणि खोबरं देते. दुसऱ्या चिमटीला तो ओठ हलवतो. आवाज येत नाही. तिसऱ्या चिमटीला येतो: "ई."

स्पीच थेरपिस्टकडे महिन्यातून एकदा जाणं होतं. आजीचा नारळ रोज असतो. थेरपीचा खरा तास इथे भरतो, असं आम्हाला हे चित्रीकरण करताना पुन्हा पुन्हा वाटलं.

शब्द नाहीत म्हणजे मुलाला काही सांगायचं नाही, असं नसतं. ते सांगत असतंच: ओढून, ढकलून, रडून, कधी चावून, कधी जमिनीवर लोळण घेऊन. आपण त्याला हट्ट म्हणतो आणि एक रट्टा देतो. त्याचा एकमेव निरोप आपण असा परत पाठवतो. मोठ्यांनी थांबायला शिकणं, निरोप ओळखणं आणि त्याला उत्तर देणं, मदतीची सुरुवात इथून होते. सगळ्यात अवघड काय असेल तर ते दहा आकडे. आपल्याला शांतता सोसत नाही. मूल तयारी करत असतं तोवर आपणच त्याच्या वतीने बोलून टाकतो.

(दृश्य: बंदर. एक वर्षाची मुलगी आईच्या कडेवर, समुद्राकडे बोट करते आहे.)

बोलणं सुरू होण्याच्या कितीतरी आधी संवाद सुरू होतो. साधारण नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान मूल नावाने हाक मारली की वळून बघतं. वर्षाच्या आसपास टाटा करतं. दीड वर्षापर्यंत काही शब्द येतात, दोन वर्षांचं झालं की दोन शब्द जोडतं, "पाणी दे", "बाबा आले". आणि ही मुलगी आता जे करते आहे, ते नीट पाहा. होडीकडे बोट केलं, मग आईकडे वळून बघितलं. तिला होडी नको आहे. आईनेही ती बघावी, एवढंच हवं आहे. दीड वर्षाचं होऊनही मूल असं काही दाखवत नसेल, तर शब्दांची वाट बघत बसू नका. आणि येत असलेले शब्द गेले, हसणं, हाकेला ओ देणं मागे पडलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.

आधी कान तपासायचे. पाठीमागे ताट वाजवलं आणि मूल दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं घरोघरी धरून चालतात. ते खरं नाही. मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं. मूल झोपलेलं असताना मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी बेरा नावाची तपासणी असते, त्यात दुखत काहीच नाही. श्रवणयंत्र असो की शस्त्रक्रियेने कानात आत बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट, जितकं लवकर, तितकी भाषा सोपी जाते.

ऐकू नीट येतं आणि तरी संवादात अडचण आहे, तर कारणं वेगवेगळी असू शकतात. नुसताच वाचेचा उशीर, बौद्धिक विकासाचा वेग कमी असणं, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, ज्यात माणसांशी संवाद साधण्याची रीतच वेगळी असते. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची वेगळी ओळख करून दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं दोष आईवर टाकला गेला. आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं, असं शिकलेली माणसंही सांगत होती. तो समज केव्हाच खोटा ठरला आहे. लसीमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा १९९८ चा लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. मोबाइलनेही ऑटिझम होत नाही, मात्र मोबाइलसमोर गेलेला वेळ आजीच्या नारळासमोरून वजा होतो. लग्नाकार्यात या आयांना "तूच लाडावून ठेवलंस" हे अजून ऐकावं लागतं. हे थांबायला हवं. या चित्रफितीतून एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

भाषेबद्दलही एक चुकीचा सल्ला कोकणात सर्रास दिला जातो: मालवणी बंद करा, पुस्तकी मराठी बोला, नाहीतर इंग्रजीच बोला, म्हणजे मूल गोंधळणार नाही. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं अडत नाही. आजीने न येणाऱ्या भाषेत चार वाक्यं जुळवण्यापेक्षा तिच्या बोलीत चाळीस वाक्यं बोललेली बरी. बोली बंद केली तर मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूसच गप्प होतं.

(दृश्य: रत्नागिरी बसस्थानक. लाल गाड्या, गर्दी, ध्वनिक्षेपक.)

रत्नागिरीतला एक सात वर्षांचा मुलगा वर्गात मध्येच म्हणायचा, "गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे." हुबेहूब स्टँडवरच्या आवाजात. मुलं हसायची, बाईंना वाटायचं, वात्रटपणा चाललाय. मग त्याच्या आईने लक्षात आणून दिलं की वर्गात गोंगाट वाढला की त्याला हे वाक्य सुचतं. त्याला बाहेर जायचं असतं. गाडी लागली की माणसं निघतात, हे त्याने पाहिलेलं आहे. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उच्चारणं ही ऑटिझममध्ये नेहमी दिसणारी गोष्ट, आणि पुष्कळदा तिला अर्थ असतो. बाईंनी आता त्याला दाराचं चित्र असलेलं एक कार्ड दिलंय. कार्ड दाखवलं की पाच मिनिटं व्हरांड्यात. चित्रं दिली तर मूल बोलायचंच नाही, ही भीती पालकांना वाटते. चित्रांनी बोलणं अडत नाही. काही मुलांचं तर त्यांच्या आधारानेच सुरू होतं.

शिमगा आणि गणपती या घरांना कठीण जातात. पालखी दारात, ढोल छातीवर आदळतोय, गुलाल, अंगाला लागणारी माणसं. या मुलांच्या कानांना आणि कातडीला ते अक्षरशः सोसत नाही. घरात कोंडून ठेवणं हा काही उपाय नव्हे. आठवडाभर आधीपासून गेल्या वर्षीचे फोटो दाखवत राहा, कानावर हेडफोन चढवा, मागच्या खोलीत एक कोपरा राखून ठेवा, आणि आरती अर्धी सोडून उठलं तरी चालेल, हे पाहुण्यांना आधीच सांगून टाका. देव रागावत नाही.

(दृश्य: कौलारू अंगणवाडी. भिंतीवर वजनाचा तक्ता.)

१९४५ साली याच किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. मुलांची आरोग्यतपासणी करणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही बोर्डीपासून फार लांब नसलेल्या पालघरला झाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात. जन्मजात व्यंग, पोषणातल्या उणिवा, आजार आणि विकासातला उशीर, हे सगळं त्यात येतं. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात.

कागदावर ही साखळी चांगली आहे. पण मंडणगडच्या आईने मूल कडेवर घेऊन रत्नागिरीला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आंबा-काजूच्या हंगामात रोजगार बुडतो, आणि दोन खेपांनंतर माणूस थकतं. म्हणून थेरपिस्ट तालुक्याच्या गावी ठरलेल्या वारी यायला हवेत. मागणी ग्रामसभेतून करता येते, ती करायला हवी.

शाळेचा हक्क मात्र कायद्याने बांधलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय आणि ऑटिझम त्यातच येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायलाच हवं. "आमच्याकडे अशी मुलं घेत नाहीत" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. त्यांना शाळेत बोलावता येतं.

आणि तपासणीला जाण्यापूर्वी एक काम घरीच करून ठेवा. परक्या खोलीत, पांढऱ्या कोटासमोर मूल बिथरतं किंवा गोठतं, आणि दहा मिनिटांत डॉक्टरांना जे दिसायला हवं ते दिसत नाही. जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर ते काय करतं, याचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ फोनवर काढा. कोणता शब्द कधी आला, कधी गेला, हे वहीत तारखेसह लिहा. पथक पुढच्या खेपेला कधी येणार, ते अंगणवाडीताईंना आजच विचारा. ती तारीख लांब असेल तर पथकाची वाट न बघता जिल्हा रुग्णालय गाठा.